पोत्यावर न छापलेली मजुरी

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोथरूडपासून खराडीपर्यंत ‘सेंद्रिय’, ‘विषमुक्त’, ‘थेट शेतातून’ असे फलक लावलेली दुकाने पुण्यात जागोजाग उभी राहिली. २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यानंतर शेतकरी आठवडे बाजारांनीही मोकळी मैदाने आणि सोसायट्यांची आवारे मिळवली. लाकडी घाण्याचे तेल, खपली गहू, देशी गाईचे दूध, हातसडीचा तांदूळ यांविषयी जाणकारीने बोलणारा मोठा वर्ग या शहरात आज आहे, आणि त्या वर्गाच्या मागणीमुळे काही शेतकऱ्यांचे बरे चालले आहे हेही खरे. मात्र या साऱ्या चोखंदळपणाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: हे खाऊन मला किंवा माझ्या मुलांना काही अपाय तर होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. परंतु तो स्वतःच्या प्रकृतीचा प्रश्न आहे आणि त्याला नैतिक आहाराचे नाव देऊन आपण आपली फार स्वस्तात समजूत घालतो. अन्नाच्या नैतिक आणि शाश्वत खरेदीची चर्चा पुण्यात खरोखर करायची असेल, तर ती साखरेपासून सुरू करावी लागेल आणि दुकानात उभ्या असलेल्या एकट्या गिऱ्हाइकाच्या निवडीवर न सोडता घाऊक खरेदीदारांपर्यंत आणि कायद्यापर्यंत न्यावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

विषाचीच गोष्ट घेऊ. भाजीवरचा कीटकनाशकाचा अंश आपल्या ताटात येतो तो धुऊन, उकडून, फार थोड्या प्रमाणात. तेच औषध पाठीवर पंप बांधून फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर आणि श्वासात मात्र ते पूर्ण ताकदीनिशी जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी खाण्याचे पीक नसल्यामुळे शहरातल्या ‘विषमुक्त’ चळवळीला त्या मृत्यूंशी आपला काही संबंध आहे असे वाटले नाही. सेंद्रिय मालाची मागणी वाढली की फवारणाऱ्याचाही जीव वाचतो, हा युक्तिवाद पूर्ण चुकीचा नाही. पण तो फायदा आनुषंगिक आहे, आणि आनुषंगिक फायद्यावर कोणाचा जीव सोडणे मला बरोबर वाटत नाही.

प्रमाणपत्रांविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्था प्रमाणपत्र देतात, तर सहभागी हमी पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. दोन्हींतून मिळणारे चिन्ह पाकिटावर दिसते; शिवाय वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ही सवलत योग्य आहे, कारण प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रे दोन एकरवाल्याला झेपणारी नाहीत. पण खुरपणी करणाऱ्या बाईला त्या दिवशी किती रोज मिळाला, विहिरीला पाणी कुठून आले, शेजारच्या गावाची टाकी त्यामुळे कोरडी पडली का, यांतले काहीच त्या चिन्हावरून ग्राहकाला कळत नाही. सेंद्रिय टोमॅटो अन्यायाने पिकवता येतो, आणि रासायनिक टोमॅटो न्यायाने.

शाकाहाराचेही असेच होते. पुण्यातल्या बऱ्याच घरांत आहाराचा नैतिक विचार शाकाहाराशी सुरू होऊन तिथेच संपतो. प्राण्याला मारू नये या भूमिकेचा मला आदर आहे. परंतु ती भूमिका घेतली म्हणजे ताटाचा हिशेब चुकता झाला, असे मानणाऱ्यांनी ताटातल्या गोड पदार्थाकडे एकदा पाहावे. साखर शुद्ध शाकाहारी असते.

साखरच का, याचे एक कारण म्हणजे हे शहर त्या उद्योगाचे प्रशासकीय घर आहे. शिवाजीनगरच्या साखर संकुलात राज्याचे साखर आयुक्तालय आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत ऊस आणि कारखाने आहेत. हिवाळ्यात सोलापूर रस्त्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकून वैताग केलेला असतो. त्या ट्रॉलीत ऊस कोणी भरला, याचा विचार त्या वेळी क्वचितच मनात येतो.

तो भरणारे लोक बहुतेक बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभारून राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते; ती फिटेपर्यंत काम करायचे, आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचे. पहाटे अंधारात फडात उतरायचे, बुडख्यातून ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी येईल तेव्हा, बऱ्याचदा मध्यरात्रीच, त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत भरायच्या. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. एखादा दिवस अंग दुखले, पाळी आली, मूल तापले म्हणून काम बुडाले, तर तो खाडा. आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

या खाड्याच्या भीतीचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या २०१९ मध्ये चर्चेत आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. फडात न शौचालय न आडोसा, जंतुसंसर्ग झाला तरी सुट्टी नाही, खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते, आणि एकदाच पिशवी काढून टाकली की दर महिन्याचा खोळंबा मिटतो, असा तो सगळा हिशेब होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या स्त्रियांविषयी सविस्तर शोधवृत्ते छापली आणि बालविवाह, उचलीचे कर्ज व शस्त्रक्रिया यांचा संबंध साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुरवठ्याशी कसा पोहोचतो हे दाखवले. शाश्वततेचे प्रमाणपत्र देणारी व्यवस्था या पुरवठ्यात होतीच, पण तपासणी करणाऱ्यांच्या नजरेतून या गोष्टी निसटल्या होत्या. चिन्ह पाहून खरेदी करा, असा उपदेश करणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये.

आता पैशांचा हिशेब मांडू, कारण ‘नैतिक अन्न महाग पडते आणि गरिबाला परवडत नाही’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि मूळ दर टनाला ३६५ रुपयांच्या आसपास गेला. उसाच्या रास्त व किफायतशीर दरासाठी केंद्र सरकार जो १०.२५ टक्के साखर उतारा धरते, त्या हिशेबाने एक टन उसातून सुमारे १०२ किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेत तोडणीची मजुरी पडते साधारण साडेतीन रुपये. हा दर उद्या दीडपट केला आणि त्याचा सगळा बोजा, मळी, सहवीज आणि इथेनॉलच्या उत्पन्नाला हात न लावता, निव्वळ साखरेवर टाकला, तरी किलोमागे वाढ होते पावणेदोन रुपयांची. महिन्याला चार किलो साखर लागणाऱ्या कुटुंबाला ती सात रुपयांना पडेल. पुण्यात सात रुपयांत अमृततुल्याचा अर्धा कटही मिळत नाही. गरिबाला परवडत नाही हे वाक्य इतर अनेक अन्नपदार्थांबाबत खरे असेल. इथे ते गरिबाच्या आडून केलेली सबब ठरते, कारण फडात उभा असलेला माणूसही गरीबच आहे.

मग ही वाढ का होत नाही? कारण आपल्याकडे तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा केला जातो. मजुराचा दर वाढला की शेतकऱ्याच्या हातात येणारी रक्कम घटते, म्हणून शेतकरी त्याला विरोध करतो. कारखाना बाजूला उभा राहून दोघांचे भांडण पाहतो. शेतकऱ्यालाही सोळा-अठरा महिने पीक सांभाळून, काटामारीची, म्हणजे वजनात होणाऱ्या फसवणुकीची, धास्ती बाळगून, बिलासाठी थांबावे लागते. उसाचा दर चौदा दिवसांत द्यावा असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी थकबाकीसाठी साखर संकुलावर मोर्चे येतातच. म्हणून शेतकऱ्याला खलनायक ठरवणारी मांडणी मला मान्य नाही. त्याच्याकडे असलेल्या पिकांमध्ये ऊस हेच असे पीक आहे की ज्याचा ठरलेला दर देणे खरेदीदाराला कायद्याने भाग आहे; कांदा, टोमॅटो, कोथिंबीर यांत पुढच्या आठवड्याचीही शाश्वती नाही. असे असताना त्याने ऊस लावू नये, अशी अपेक्षा आठवड्याला पगाराची चिंता नसलेल्यांनी करणे शोभत नाही.

पाण्याचा मुद्दाही याच गुंत्यात बसतो. राज्यातील एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले होते. ठिबक वाढले तसा हा आकडा काही प्रमाणात बदलेलही, पण त्यातली विषमता बदललेली नाही. तरीही पुणेकराने या विषयावर आवाज जरा बेतानेच चढवावा. खडकवासला साखळीतील चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यांतले वीसहून अधिक टीएमसी पाणी दरवर्षी एकटे शहर उचलते. दौंड-इंदापूरचे शेतकरी कालव्याच्या आवर्तनासाठी भांडतात तेव्हा समोर उभे असतो आपणच. वर आपण वापरलेले पाणी अर्धेमुर्धे शुद्ध करून मुळा-मुठेत सोडतो, आणि नदीच्या खालच्या अंगाला मांजरी, थेऊरच्या बाजूची शेती त्याच नदीवर मोटारी लावते. भाजी ‘स्थानिक’ असावी असा आग्रह धरणाऱ्याने हा एवढा भूगोल ध्यानात ठेवावा.

काही जण यावर साखर सोडून सेंद्रिय गुळाकडे वळतात. चवीसाठी जरूर वळावे. मात्र गुळाचा ऊसही कोणीतरी कोयत्यानेच तोडलेला असतो, त्याला पाणीही तितकेच लागलेले असते, आणि दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर कढईशेजारी राबणारे, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर कोणत्या अटींवर काम करतात हे ढेपेच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. ‘साखर नाही, गूळ घातलाय’ असे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा मला त्या अभिमानाचे कारण समजत नाही.

साखरेपासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण व्यवहाराचे आहे. बाकीच्या अन्नाचा माग काढणे अवघड असते. मार्केट यार्डात पहाटे उतरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या सात वाजेपर्यंत चार हातांतून फिरून नाना पेठेत पोहोचतात. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई, मोटारभाडे असे सगळे रकाने असतात, फक्त काढणीच्या मजुरीचा नसतो. आंबा देवगडचा की कर्नाटकचा, यावर गाळ्यावर अर्धा तास वाद घालणारा पुणेकर शेवटी पेटीवर छापलेल्या नावावरच विसंबतो. साखरेचे तसे नाही. भुसार बाजारात जाऊन पन्नास किलोचे कोणतेही पोते पाहावे: त्यावर कारखान्याचे नाव आणि गाव असते, गाळप हंगाम असतो, एस-३० किंवा एम-३० अशी प्रत असते. राज्यात हंगामाला सुमारे दोनशे कारखाने गाळप करतात आणि त्यांतला प्रत्येक कारखाना आयुक्तालयाच्या नोंदीत असतो. कोणत्या गटातला ऊस कोणत्या टोळीने तोडला हे चिटबॉयच्या, म्हणजे तोडणीचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, नोंदीत असते, वजनकाट्यावर गाडीगणिक चिठ्ठी निघते, मुकादमाला दिलेल्या रकमेचा करार असतो. इतकी माहिती हाताशी असलेले दुसरे खाद्यपदार्थ आपल्या स्वयंपाकघरात फार नाहीत. पोत्यातून अर्ध्या-एक किलोच्या पिशवीत साखर भरली जाते त्या क्षणी ही माहिती आपण टाकून देतो.

ही माहिती वापरता येते याचा दाखलाही आहे. २०२१ मध्ये साखर आयुक्तालयाने शेतकऱ्यांना वेळेवर पैसे देणारे, उशीर करणारे आणि थकवणारे कारखाने यांची हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत वर्गवारी करून यादी प्रसिद्ध केली होती, ज्यायोगे कोणाला ऊस घालायचा हे शेतकऱ्याने डोळसपणे ठरवावे. अशी यादी तोडणी कामगारांच्या बाबतीत काढायला काय हरकत आहे? फडाजवळ पिण्याचे पाणी आणि शौचालय, खाड्याची पद्धत बंद, मुकादमाऐवजी कामगाराच्या खात्यात थेट मजुरी, अपघात विमा, मुलांसाठी वसतिगृह अथवा साखरशाळा, एवढे पाच-सहा रकाने पुरेसे आहेत. माहिती गोळा करणारी यंत्रणा शिवाजीनगरात बसलेली आहेच.

इथे कोणी म्हणेल की मग यादी येऊ द्या, ग्राहक निवड करेलच. माझा ग्राहकाच्या सदिच्छेवर अविश्वास नाही. तिच्या ताकदीवर आहे. देशात विकल्या जाणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर घरांत जातच नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीम आणि हॉटेलांत जाते. बाणेरच्या एखाद्या गृहिणीने विचारपूर्वक साखर निवडली आणि संध्याकाळी तिच्या घरी पाव किलो काजूकतली आली, तर त्या निवडीचे काय राहिले? शिवाय चांगली निवड करण्याचे कष्ट, वेळ आणि अपराधभाव हे सगळे घरात बहुधा बाईच्याच वाट्याला येतात, हेही बोलले पाहिजे.

मांजरीचेच दुसरे उदाहरण पाहा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिथे आहे आणि निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अंशांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही तिथेच आहे. २००६ पासून ग्रेपनेट या व्यवस्थेखाली निर्यातक्षम बागेची नोंदणी होते, नमुने तपासले जातात आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडकली, बागायतदारांचे मोठे नुकसान झाले, आणि त्यानंतर ही शिस्त आणखी कडक झाली. हॉलंडमधल्या गिऱ्हाइकाने त्यासाठी दुकानात उभे राहून काहीही वाचले नाही, कोणते चिन्ह शोधले नाही. त्याच्या कायद्याने ते त्याच्या वतीने मागितले. कीटकनाशकांच्या कमाल मर्यादा आपल्याकडेही कागदावर आहेत, पण मार्केट यार्डात येणारी द्राक्षाची गाडी कोणी गाडीगणिक तपासत नाही. एकाच जिल्ह्यातल्या दोन बागा, एक युरोपसाठी आणि एक पुण्यासाठी. त्यांच्यातला फरक शेतकऱ्याच्या नीतीचा नाही आणि खाणाऱ्याच्या जागरूकतेचाही नाही.

श्रमाच्या बाबतीत असा कायदा होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर पुण्याला बाहेर शोधायला नको. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोती वाहणारा हमाल एकेकाळी ऊसतोड कामगारासारखाच कोणाचाच नोकर नव्हता. आज याचे ओझे, उद्या त्याचे. ना हजेरी, ना निधी, ना रजा. बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईत माथाडींची चळवळ झाली, आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. त्या कायद्याने मालक एकच असला पाहिजे ही अडचण ओलांडली: जो कोणी काम करून घेईल त्याने मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार यांची व्यवस्था करायची. गहू, तांदूळ, गूळ घेताना आपण सारे ती लेव्ही नकळत भरत आलो आहोत. कोणीही आपल्याला ‘हमालस्नेही गहू’ अशी वेगळी, महागडी पिशवी विकली नाही. नैतिकता किमतीतच बसवलेली होती, आणि ती नाकारण्याची मुभा गिऱ्हाइकाला नव्हती. माझ्या मते अन्नाच्या बाबतीत हीच पद्धत अधिक प्रामाणिक आहे. माथाडी मंडळांचा कारभार निर्दोष नाही, बोगस नोंदणी आणि माथाडीच्या नावाखाली चालणारी खंडणी यांच्या तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु मंडळ बिघडले आहे ही तक्रार करण्यासाठी आधी मंडळ असावे लागते.

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने. कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी त्याच्या निधीची योजना २०२१ मध्ये ठरली. पण कल्याण वेगळे आणि हक्क वेगळा. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, आम्ही वाहतूक ठेकेदाराला पैसे देतो. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आणि मुकादम स्वतःच कर्जात असतो. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदा बीडहून बारामतीला आलेल्या माणसाला कधी लागूच झाला नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसे. माथाडी कायद्याने सोडवली ती नेमकी हीच गाठ आहे. आता हार्वेस्टर येत आहेत, त्यांच्यासाठी अनुदानही दिले जाते, आणि काही वर्षांत कोयत्याचा प्रश्नच उरणार नाही असे काही जण समाधानाने सांगतात. यंत्र येईल ते येवो. पण यंत्र घेणाऱ्याला अनुदान आणि यंत्रामुळे काम गेलेल्याला काहीच नाही, हे धोरण ज्यांना समाधानकारक वाटते त्यांच्याशी माझे मतभेद आहेत.

कायदा होईपर्यंत काय, हा प्रश्न उरतो, आणि इथे खाणाऱ्यांना खरोखर काही करता येते, मात्र एकेकट्याने नव्हे. या शहरात वसतिगृहांच्या खानावळी आहेत, हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या कंपन्यांची उपाहारगृहे आहेत, केटरर आहेत, मिठाईची मोठी दुकाने आहेत, दिवाळीच्या फराळाचे घाऊक कारखानेच आहेत, आणि महापालिकेच्या शाळांत पोषण आहार आहे. हे खरेदीदार साखर पोत्याने घेतात, म्हणजे कारखान्याचे नाव त्यांच्या डोळ्यांसमोर असते. निविदेत किंवा पुरवठ्याच्या करारात एक अट घालणे त्यांना शक्य आहे: ज्या कारखान्याची साखर द्याल त्याने तोडणी कामगारांच्या मजुरीचा आणि सोयींचा तपशील लेखी द्यावा. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या खानावळीत दोनशे मुले जेवत असतील, तर त्यांच्या एका पत्राला दोनशे घरांतल्या सद्भावनेपेक्षा जास्त वजन येते.

हेच खरेदीदार ज्वारीच्या बाबतीतही काही करू शकतात. मंगळवेढा-सोलापूरकडची मालदांडी ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, तिला कालव्याची पाळी लागत नाही, आणि कडब्याने जनावरांचा चारा होतो. तिचे क्षेत्र राज्यात घटत गेले, कारण पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक नाही आणि काढणीला माणसे नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचीही तरतूद आहे. स्वस्त धान्याच्या दुकानात मात्र पोती दिसतात ती प्रामुख्याने गव्हा-तांदळाची. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, त्या निमित्ताने ज्वारीची बिस्किटे आणि नाचणीचे केक निघाले. ज्वारीची खरी जागा खानावळीच्या रोजच्या ताटात आहे. हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ १९७४ पासून हेच करत आली आहे: कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात भाकरी, आणि भाकरी थापणाऱ्या हातांना नियमित काम. गाजावाजा न करता चाललेला हा प्रयोग नैतिक आहाराच्या चर्चेत क्वचितच कोणी आठवतो, बहुधा तिथे बसायला जाणारा वर्ग निराळा असल्यामुळे.

साखरेसंबंधीच्या त्या पत्राला बहुतेक कारखाने उत्तर देणार नाहीत, किंवा ‘सदर कामगार आमच्या आस्थापनेवर नाहीत’ असे एका ओळीचे उत्तर देतील. माझ्या दृष्टीने ते उत्तरही उपयोगाचे आहे. आज ही भूमिका तोंडी आणि सोयीनुसार घेतली जाते. कारखान्याच्या शिक्क्यानिशी ती कागदावर आली, तर उच्च न्यायालयापुढे आणि कामगार विभागापुढे ठेवता येईल, आणि जबाबदारी नेमकी कोणाची हा प्रश्न ज्यांना माथाडीच्या धर्तीवर सोडवायचा आहे त्यांच्या हाती तो पुरावा राहील. अशी पन्नास-शंभर उत्तरे जमवायला एका शहरातल्या खानावळी आणि केटरर पुरेसे आहेत, आणि ती जमवण्यासाठी कोणाला चहातली साखरही कमी करावी लागणार नाही.